उष्टावणाचा दुसरा फोटो

हे लिहून ठेवा, असं मुलीने बजावलं आहे. तोंडी नको म्हणाली. "तोंडी तुम्ही अडतीस वर्षं सांगत आलात. त्याचं काय झालं ते पाहिलं ना?" म्हणून एकाहत्तराव्या वर्षी वही उघडून बसलो आहे. शाळेत गणित शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या गाळल्या की मी गुण कापायचो. तेव्हा इथेही पायऱ्या गाळणार नाही.

लेकराला पहिल्यांदा अन्न भरवायचं त्या दिवसाला आमच्याकडे उष्टावण म्हणतात. लेकरू मामाच्या मांडीवर बसतं आणि सोन्याच्या अंगठीने त्याला खीर चाटवतात. मग सतरंजीवर चार-सहा वस्तू मांडून त्याला मोकळं सोडतात. पुस्तक, पेन, एखादं अवजार, असं काही. ज्या वस्तूला ते पहिला हात लावेल तो त्याचा पुढचा धंदा. ही गंमत आहे असं सगळेच म्हणतात, आणि श्वास रोखून सगळेच पाहतात.

माझी मुलगी सात महिन्यांची झाली तेव्हा अमरावतीत आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. खाली घरमालक, ते डॉक्टर होते. ते ओट्याच्या पायऱ्या उतरायला लागले की अंगणातली माणसं आपोआप उठून उभी राहत. माझ्यासाठी फक्त वर्गातली पोरं उभी राहायची, तीही घंटा झाली की पळता यावं म्हणून. उष्टावणाच्या आदल्या दिवशी मी डॉक्टरांकडून एक जुना स्टेथोस्कोप मागून आणला आणि फडक्याने पुसून लख्ख केला.

माझे सासरे अंजनगाव सुर्जीहून सकाळच्या एसटीने आले. त्यांचा तिकडे पानमळा होता, विड्याच्या पानांचा. बरोबर पानांची टोपली होती आणि एका फडक्यात बांधलेलं काळ्या मातीचं ढेकूळ.

"हेबी ठेवा जवाईबापू. पोट्टीच्या मनात काय हाये, कोनाले मालूम?"

मला ते आवडलं नाही. माझे वडील शेती सोडून अमरावतीला मास्तरकी करायला आले होते. आमच्या घराण्यात नखात माती नाही, हे ते पाहुण्यांना हात पुढे करून दाखवायचे. मी मास्तर झालो तोही त्यांच्याच धाकाने. आता एक पायरी आणखी वर, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण सासऱ्यांना नाही कसं म्हणणार? ढेकूळ मी एका बशीत घातलं आणि सतरंजीच्या पार टोकाला ठेवलं. स्टेथोस्कोप सगळ्यांत जवळ, चकाकतं तोंड वर करून.

माझा साळा तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. त्याने भाचीला मांडीवरून खाली सोडलं. ती पोटावर सरकत निघाली. स्टेथोस्कोपवरून सरळ पलीकडे गेली, जशी काही वाटेत नुसती नळीच पडली आहे. पुस्तक ओलांडलं, पेन ओलांडला, बशीपर्यंत पोचली, मूठभर माती उचलली आणि तोंडात घातली.

खोलीत एकच हशा झाला. तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, "मास्तर, फ्लॅश पडला नाही. परत एकदा करा."

त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. त्याचा फ्लॅश पडला असता तर मला हे लिहावं लागलं नसतं. मी मुलीचं तोंड धुतलं. परत येताना मातीची बशी पायाने पलंगाखाली सारली. मुलीला मधोमध बसवलं आणि स्टेथोस्कोप तिच्या हातात दिला.

"हे काय करून राहिले तुमी?" बायको म्हणाली.

"फोटोपुरतं," मी म्हणालो.

फोटोग्राफरने सासऱ्यांकडे पाहिलं. घरातलं वडीलधारं माणूस तेच होतं. ते म्हणाले, "काढ बावा. जवाईबापू म्हन्तात तसा काढ."

आमच्या भागात जावयाचा शब्द सासऱ्याने खाली पडू द्यायचा नाही, ही रीत. स्वतः जमिनीवर बसतील, पण जावयाला खाटेवर बसवतील. मला ती रीत पाठ होती आणि त्या दिवशी मी तिचा फायदा घेतला.

महिन्याभराने फोटो आला. मी तो मढवून दारासमोरच्या भिंतीवर लावला. पहिल्या पाहुण्याने विचारलं, "हेच उचललं का हिनं?" मी म्हणालो, हो.

तिथून ते वाढत गेलं. पुढे पुढे मी त्यात भर घालू लागलो. पुस्तकाकडे तिने बघितलंसुद्धा नाही. पेन बाजूला ढकलला. एका दिवाळीत तर मी असंही सांगितलं की तिने ते कानाला लावायचा प्रयत्न केला. ही गोष्ट सुरू झाली की बायको स्वयंपाकघरात निघून जायची. कोणी तिला विचारलंच, "वहिनी, खरं का?" तर आतून आवाज यायचा, "त्याइलेच विचारा. त्याइच्या ध्यानात जास्त राह्यते."

मुलगी ती गोष्ट ऐकतच मोठी झाली. बाहुल्यांना पट्ट्या बांधायची. शाळेतल्या बाई तिला डॉक्टर म्हणूनच हाक मारत. पण सुट्टी लागली की तिला अंजनगावला जायची घाई असे. पानमळ्यात चप्पल घालून जात नाहीत. ती मळ्याच्या बांधावर चपला भिरकावून जी आत शिरायची ती जेवायलाच बाहेर यायची. भर उन्हाळ्यात आत गारवा असतो, हिरव्या काचेच्या घरात शिरल्यासारखं वाटतं. वर्षातून एकदा वर चढलेला वेल खाली उतरवून त्याचं वेटोळं मातीत दाबतात, म्हणजे तो पुन्हा नव्या जोमाने चढतो. जोर कमी पडला तर मूळ धरत नाही, जास्त झाला तर वेल मोडतो. दहाव्या वर्षी तिला ते येत होतं. सासरे मला कौतुकाने सांगायचे आणि मी विषय बदलायचो.

बारावी झाल्यावर ती एक दिवस म्हणाली, "बाबा, मी अकोल्याला कृषीला जाऊ का? मार्क पुरतात."

मी भिंतीवरच्या फोटोकडे नुसतं बोट केलं.

पुढचीच पायरी मला सगळ्यांत अवघड जाते आहे. त्या आठवड्यात आम्ही अंजनगावला गेलो. ती आजोबांबरोबर मळ्यात होती. मी तिला जेवायला बोलवायला गेलो आणि वेलांच्या अलीकडे थांबलो, कारण मला तिचा आवाज ऐकू आला.

"आबाजी, मी खरंच ते उचललं होतं का?"

सासरे म्हणाले, "तुह्या बाबानं सांगतलं ना? मंग तसंच असन."

मी दोन पावलं पुढे टाकली असती तर पुरे होतं. मी मागच्या मागे फिरलो आणि घरी जाऊन सांगितलं, ती येते आहे.

ती डॉक्टर झाली. निकालाच्या दिवशी सासऱ्यांनी गावभर पेढे वाटले आणि ज्याला त्याला सांगितलं, "सात म्हयन्याची होती, तईच उचललं होतं तिनं." आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस माझं खोटं दारोदार घेऊन फिरला, तेही आनंदाने. त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली.

आज मुलगी अकोल्यात लहान मुलांची डॉक्टर आहे. चांगली आहे, हे बाप म्हणून सांगत नाही. तिच्या दवाखान्यात रडत आलेलं लेकरू निदान जाताना तरी हसत जातं. त्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकांसमोर, त्याच फोटोची मोठी प्रत लावलेली होती. पेशंटच्या आया आपापल्या लेकरांना ती दाखवायच्या. त्यावरून तिथे एक वेगळंच चालू झालं. उष्टावणासाठी लोक मॅडमचा स्टेथोस्कोप मागून न्यायला लागले. तिने त्यासाठी एक जुना वेगळा काढून ठेवला होता. परत आणून देताना सांगायचे, मॅडम, आमच्यानेही हाच उचलला. तिला फार मजा वाटायची.

तिला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली. नातीच्या उष्टावणासाठी आम्ही दोघं चार दिवस आधीच अकोल्याला गेलो होतो. दुपारी दवाखान्यात बाकावर बसलो होतो, तर एक तरुण बाप आठ-नऊ महिन्यांचं पोरगं काखेत घेऊन आला. गॅरेजचं काम करणारा असावा, बोटांच्या पेरांत काळं तेल मुरलेलं. त्याने स्टेथोस्कोप पिशवीतून काढून मुलीपुढे ठेवला.

"काय म्हणतो मग? उचलला?"

"नाई ना मॅडम," तो पडेल चेहऱ्याने म्हणाला. "पाना उचलला. मीनं तं पाना ठेवलाबी नोता, माह्याच खिशातून खाली पडला. धा डाव करून पायलं. पानाच!" मग पोराकडे वळून, "काबे, बापाचे हात दिसत नाई का तुले?"

तो हसत होता, पण थट्टा त्यात अर्धीच होती. मुलगी त्याची समजूत घालत होती, आणि पोरगं बापाची कॉलर चोखत मजेत बसलं होतं. मी वर फोटोकडे पाहिलं. अडतीस वर्षांपूर्वी बशी पलंगाखाली सारून रचलेलं माझं खोटं आता अकोल्यातल्या घराघरांत फिरत होतं. मी त्याच बाकावर ठरवलं, खरं सांगून टाकायचं. रात्री बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "सांगा. पन सांगाले लागले का पुरं सांगा. अर्धं सांगान तं मी उरलेलं सांगीन."

उष्टावणाच्या दिवशी घर भरलं होतं. जावयाने वस्तू मांडल्या: पुस्तक, रंगाची पेटी, एक छोटा चेंडू, सोन्याची अंगठी, आणि मधोमध स्टेथोस्कोप. नात मांडीवरून उतरायच्या आत मुलगी म्हणाली, "थांबा! आधी बाबा माझी गोष्ट सांगतील."

मी उभा राहिलो. इतकी वर्षं घोकलेली गोष्ट, पण पहिलं वाक्य सापडेना.

"तो फोटो दुसरा आहे," मी म्हणालो. "पहिल्यांदा हिने ते उचललं नव्हतं."

कोणाला कळलं नाही. मुलीचा चेहरा अजून हसराच होता. "मग काय उचललं होतं?"

"माती."

"माती?"

"आबाजींनी आणलेली. बशीत ठेवली होती. उचलली आणि खाल्ली."

मग बायको म्हणाली, "पोट्टीनं एकडाव खाल्ली. तुमी अडतीस वर्षं खाऊन राह्यले."

सगळी खोली हसत सुटली. मुलीचे सासरे तर चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मुलगीही हसत होती. "सात महिन्यांचं लेकरू जे हाताला लागेल ते तोंडात घालतं बाबा! मी रोज आईबापांना हेच तर सांगते. चेंडू जवळ असता तर मी चेंडू खाल्ला असता." मलाही हायसं वाटलं. वाटलं, संपलं, इतकं सोपं होतं तर.

पण बायकोने दटावलं होतं म्हणून मी पुढची पायरी सांगितली. बारावीच्या सुट्टीतला पानमळा, आणि वेलांआड मी ऐकलेलं ते.

मुलीचं हसू तिथे थांबलं. ती अकोल्यात शिकल्यासवरल्यासारखं बोलते, पण राग आला की वऱ्हाडीवर येते.

"मले फसवलं ते जाऊ द्या. आबाजीले काऊन खोटं बोलाले लावलं?"

तेवढ्यात चेंडू घरंगळल्याचा आवाज आला आणि सगळ्यांनी खाली पाहिलं. नात केव्हाच मांडीवरून सटकली होती. सतरंजीवरच्या सगळ्या वस्तू इकडेतिकडे झाल्या होत्या, रंगाची पेटी उघडी, अंगठी पुस्तकाखाली, स्टेथोस्कोपची नळी ओली, आणि ती मधे बसून टाळ्या वाजवत होती.

"पहिलं काय उचललं?" तिच्या आत्याने विचारलं.

कोणीच पाहिलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते ना! जावई म्हणाला, मला वाटतं पेटी. कोणी म्हणालं चेंडू. मुलीने हात वर केला. "कोणी काही सांगायचं नाही. जे आहे ते बरं आहे." तिने लेकीला उचलून घेतलं आणि पानं वाढायला सांगितलं. जेवणं हसतखेळत झाली. फक्त माझ्याशी ती बोलली नाही. वरण वाढताना माझ्या पानासमोर थांबली, वाढलं आणि पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून तिने त्या गॅरेजवाल्याला फोन लावला. मी शेजारीच होतो, मुद्दाम माझ्यासमोर लावला असणार. "अरे, तुझ्या पोराने निदान पाना तरी उचलला. तुझ्या मॅडमने माती खाल्ली होती." पलीकडचं हसणं मला बाकावर ऐकू आलं. मग तिने शिपायाला सांगून भिंतीवरचा फोटो उतरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "रविवारी अंजनगावला जायचं. मामासमोर सांगायचं. आबाजींनी जिथे ते सांगितलं, तिथेच."

रविवारी ती गाडी चालवत होती, मी शेजारी. मागे बायको आणि नात, दोघीही झोपलेल्या. अकोट मागे पडल्यावर मीच विचारलं, "तुला कृषीला जायचं होतं, ना?"

"बहुतेक. मळा आवडायचा एवढं नक्की. पुढे काय झालं असतं ते मला कसं कळणार?"

"आता वाईट वाटतं का?"

"बाबा, मला माझं काम आवडतं. ते तुम्ही मनाला लावून घेऊ नका. लेकरांमध्ये माझा जीव रमतो. पण ते मला कॉलेजच्या चौथ्या वर्षी कळलं, वॉर्डात. सातव्या महिन्यात नाही." एक ट्रक जाऊ दिला आणि ती म्हणाली, "ते तुमच्या फोटोचं नाही. ते माझं आहे. मला राग त्याचा नाहीच. तुम्ही काही सांगितलं की आता मला वाटतं, हे पहिल्यांदाचं सांगतात का दुसऱ्यांदाचं?"

गणिताच्या मास्तरला याहून मोठा शेरा कोणी दिला नव्हता.

पानमळ्यात साळा काम करत होता, बरोबर दोन बाया. वेल उतरवणं चालू होतं. आम्ही बांधावर चपला काढून आत गेलो. साळ्याने रीतीप्रमाणे हाक दिली, "अरे, भाऊजीले खाट आना!"

"खाट नको," मी म्हणालो आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बशीपासून त्या दुपारपर्यंत, जिथे मी उभा होतो ती जागा दाखवून. या वेळी एकही पायरी गाळली नाही.

साळा हातातला वेल धरून ऐकत राहिला. "मीनंच तिले मांडीवरून सोडलं होतं भाऊजी. मले मालूम नाई का? बाबानं दम देल्ला होता का तोंड उघडशीन तं पाय. मंग मी काय बोलतो!" आणि मग एकदम त्याचा चेहरा फुलला. "पन आता तुमीच बोलले. म्हंजे मी सुटलो! अन् बाबाबी सुटला."

"अन् हे?" मुलीने मानेने माझ्याकडे खूण केली.

"याइले असं कसं सोडीन? अडतीस वर्षं खाटीवर बसून आयतं जेवले. आज जवाईपना बंद. या भाऊजी, बसा खाली, दाबा वेल."

बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. सासुरवाडीत जावयाला कामाला लावणं त्यांनी जन्मात पाहिलं नसेल. बायकोने नातीला कडेवर घेतलं होतं, ती म्हणाली, "लावा रे, चांगलं लावा. मी फोटो काढतो." मी धोतर नेसत नाही, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खाली बसलो. पहिला वेल माझ्या हातात मोडला. दुसरा मी नुसता मातीवर ठेवला.

"मास्तर, शून्य गुण," साळा म्हणाला.

मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि माझ्या बोटांनी वेटोळं दाबलं. इतकं नको. आता इतकं. माती गार होती आणि नखांत शिरत होती. तीन-चार वेटोळी आम्ही मिळून दाबली. मग तिने विचारलं, "मी माती खाल्ली तेव्हा आबाजी काय म्हणाले?"

मला काही वाढवायचं नव्हतं आणि काही गाळायचंही नव्हतं.

"म्हणाले काही नाही. आधी टाळी वाजवली, एकच, मोठ्याने. तू दचकलीस. मग तुला उचललं आणि तुझी माती लागलेली मूठ स्वतःच्या गालाला लावली. दाढी वाढलेली होती, तर तू खिदळायला लागलीस. मग धोतराच्या सोग्याने तुझं तोंड पुसायला गेले, पण हसण्यामुळे हात हलत होता, म्हणून माती आणखीच पसरली."

"मग?"

"मग म्हणाले, गोड लागली का व माय? आणि बोट मातीत बुडवून स्वतःही चाखून पाहिलं."

मुलगी मोठ्याने हसली, डोळे भरेपर्यंत. साळा हाताच्या अंतरावर होता, तोही त्या दिवशी त्या खोलीत होता. पण हे खरं का, असं तिने त्याला विचारलं नाही, त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पुढचा वेल खाली ओढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "अजून सांगा बाबा. पहिल्यापासून सांगा."